बियाण्याच्या पुडीतून जगभर: टोमॅटोच्या रुगोज विषाणूविषयी

प्रति,
मा. संपादक,

विषय: टोमॅटोवरील ‘ब्राउन रुगोज’ विषाणूच्या बातम्यांत राहून जाणाऱ्या बाबी

महोदय,

टोमॅटोच्या ‘ब्राउन रुगोज’ विषाणूबद्दल छापून येणाऱ्या बहुतेक बातम्यांत तीन वाक्ये ठरलेली असतात: विषाणू नवा आहे, झपाट्याने पसरतो आहे आणि त्यावर औषध नाही. तिन्ही खरी आहेत. पण तो नवा का ठरला, कोणत्या वाटेने पसरला आणि औषध नसताना करायचे काय, याचा बातमीत पत्ता नसतो. वाचकाच्या मनात उरते ती नुसती धास्ती, आणि धास्तावलेला उत्पादक कीटकनाशक आणून फवारतो. या विषाणूला पसरायला रस शोषणारी कीड लागतच नाही. त्या फवारणीने खर्चापलीकडे काही होत नाही. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

त्याचे पूर्ण नाव टोमॅटो ब्राउन रुगोज फ्रूट व्हायरस. २०१४ साली दक्षिण इस्रायलमधल्या हरितगृहांत टोमॅटोची झाडे संशयास्पद दिसू लागली. २०१५ च्या वसंतात जॉर्डनमधल्या हरितगृहात तशीच लक्षणे आढळली, आणि तिथल्या नमुन्यांवरून २०१६ मध्ये विषाणूचे वर्णन प्रसिद्ध होऊन त्याला नाव मिळाले. दोन्ही देशांतल्या नमुन्यांचे जनुकसंच ९९ टक्क्यांहून अधिक जुळले. लक्षणे अशी: शेंड्याकडच्या पानांवर फिकट आणि गडद हिरव्या रंगाची नक्षी उमटते, कधी पाने अरुंद होऊन लांबट दिसतात, फळाच्या देठावर आणि निदलांवर (देठाजवळच्या हिरव्या पाकळ्यांवर) तपकिरी सुकलेले डाग पडतात, फळ पिवळसर चट्ट्यांचे होते किंवा त्यावर तपकिरी, खरखरीत, सुरकुतलेले ठिपके येतात. झाड सहसा मरत नाही. खरी पंचाईत तीच आहे. मेलेले झाड उपटून टाकले जाते. हे झाड उभे राहते, विकता न येणारी फळे देते आणि ज्याचा हात लागेल त्याच्याबरोबर विषाणू पाठवत राहते. प्रयोगात लागण केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण १२ ते १८ दिवस गेले. तेवढ्या काळात हरितगृहातल्या कामगारांचा प्रत्येक ओळीतून दोन-तीनदा फेरा झालेला असतो.

हा टोबॅमोव्हायरस कुळातला विषाणू. याच कुळातल्या तंबाखू मोझॅक विषाणूवर १८९२ मध्ये इव्हानोव्हस्की यांनी आणि १८९८ मध्ये बायरिंक यांनी काम केले आणि ‘विषाणू’ ही संकल्पनाच तिथून उभी राहिली. म्हणजे विज्ञानाला सर्वांत जुनी ओळख असलेले हे घराणे आहे. कण ताठ काठीसारखा, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड. आत सुमारे ६,४०० अक्षरांचा एकेरी आरएनए आणि भोवती एकाच प्रथिनाच्या दोन हजारांहून अधिक प्रतींचे घट्ट वेटोळे. या वेटोळ्यामुळेच तो वाळलेल्या पानात, भिंतीवर, कपड्यावर टिकतो. या कुळातले विषाणू झाडात प्रचंड संख्येने साठतात. एक ग्रॅम पानात एक मिलिग्रॅम विषाणू धरला, आणि या कुळासाठी हा अंदाज फुगवलेला नाही, तर कणांची संख्या सुमारे १५ लाख कोटी होते. पानाच्या बगलेत येणारी बगलफूट खुडताना बोटाला लागलेल्या हिरव्या चिकट डागात किती कण असतील, याची कल्पना यावरून यावी.

आता तो नवा का ठरला ते पाहू. टोमॅटोच्या संकरित वाणांत तंबाखू मोझॅक आणि टोमॅटो मोझॅक या दोन जुन्या विषाणूंविरुद्ध १९६० च्या दशकापासून टीएम-२² नावाचे जनुक घातले जाते. ते सोलॅनम पेरुव्हियानम या रानटी नातलगाकडून आले. हे जनुक झाडाच्या पेशीत एक पहारेकरी प्रथिन बनवते. विषाणूला एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाण्यासाठी स्वतःचे एक वहन-प्रथिन लागते. पहारेकरी नेमके तेच ओळखतो आणि लागण झालेली पेशी तिथल्या तिथे अडवली जाते. वनस्पतींच्या प्रतिकारात पाच-दहा वर्षे टिकलेले जनुकही चांगले मानतात. टीएम-२² पन्नास वर्षे टिकले.

इतके का टिकले, हे समजून घेण्यासारखे आहे. आरएनए विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतात आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्यांच्याकडे नसते. तंबाखू मोझॅक विषाणूत हे मोजलेले आहे: जनुकसंचाच्या दर प्रतीमागे सुमारे ०.१ बदल, म्हणजे दहा प्रतींत साधारण एक. एका पानातल्या लाखो कोटी प्रतींत मग वहन-प्रथिनातला जवळपास प्रत्येक एकेरी बदल कधी ना कधी घडून जातो. तरीही पहारेकरी चकत नव्हता, कारण वहन-प्रथिन हे विषाणूचे चालण्याचे साधन आहे. ज्या जागी पहारेकरी ओळखतो तिथे बदल केला, तर ओळख पुसली जाते, पण चालही मंदावते. टीएम-२² ला चुकवणारे टोमॅटो मोझॅकचे प्रकार पूर्वीही सापडले होते. ते दुबळे असल्यामुळे पसरले नाहीत.

रुगोज विषाणूच्या वहन-प्रथिनात अनेक जागी अमिनो आम्लांचा वेगळा संच आहे. त्यांतल्या मोजक्या जागा प्रथिनाच्या मधल्या भागात असून पहारेकऱ्याला चुकवायला त्याच कारणीभूत आहेत, हे २०२१ च्या प्रयोगांत दिसले. इस्रायलमधल्या संशोधकांनी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दाखवली: हे बदललेले प्रथिन टीएम-२² ला चकवते खरे, पण पेशीतून पेशीत जाण्याचा वेग त्यापायी कमी होतो. सुटकेची किंमत विषाणूने मोजली आहे. पण त्या किमतीत त्याला जगभरची टोमॅटोची हरितगृहे मोकळी मिळाली, जिथे त्याच्या दोन्ही जुन्या नातलगांना बंदी होती आणि जवळपास प्रत्येक झाडात तेच एक जनुक होते. माझ्या मते चूक टीएम-२² वापरण्यात नव्हती. ते उत्तम जनुक होते. चूक झाली ती त्याच्या भरवशावर स्वच्छतेच्या जुन्या सवयी सोडून देण्यात. पूर्वी तंबाखू मोझॅकच्या भीतीने रोपवाटिकांत हात धुणे, अवजारे बुडवणे, झाडाला हात लावताना दुधाचे द्रावण वापरणे हे नेमाने होत असे. जनुक आले आणि हे सारे हळूहळू मागे पडले.

पसरण्याचा नकाशा पाहिला तर वाऱ्याची दिशा किंवा लागून असलेल्या सीमा यांच्याशी तो जुळत नाही. २०१८ मध्ये मेक्सिको, जर्मनी, इटलीतले सिसिली बेट आणि अमेरिकेतले कॅलिफोर्निया. २०१९ मध्ये तुर्कस्तान, चीनचा शानदोंग प्रांत, ब्रिटन, नेदरलँड्स, ग्रीस, स्पेन. २०२० च्या सुरुवातीला फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत. ऑगस्ट २०२४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलिया. दहा वर्षांत चार खंड, आणि जगभरच्या नमुन्यांच्या जनुकसंचात फरक मात्र एक टक्क्याच्या आतबाहेर. एखादा विषाणू शेकडो वर्षे वेगवेगळ्या प्रदेशांत राहिला असता, तर प्रत्येक ठिकाणच्या नमुन्यांवर त्या त्या जागेची छाप दिसली असती. इतके साम्य म्हणजे अलीकडचा, वेगवान प्रसार. नेदरलँड्समध्ये पहिल्या साथीतल्या नमुन्यांचे जनुकसंच वाचले तेव्हा ते तीन गटांत पडले. म्हणजे तिथे विषाणू एकदाच शिरून पसरला नव्हता, त्याचा अनेकदा प्रवेश झाला होता.

असा प्रवास करणारी टोमॅटोची दोनच मालवाहने आहेत: बियाणे आणि रोपे. फळेही जातात, पण फळातून विषाणू शेतात पोचायला मध्ये कुणाचा तरी हात लागतो. भाजीपाल्याच्या एका संकरित वाणाचे बी एका देशात तयार होते, दुसऱ्या देशात स्वच्छ केले जाते, तिसऱ्यात पाकीटबंद होते आणि तिथून वीस देशांत जाते. हा व्यापार वाईट आहे असे अजिबात नाही. त्याच्याशिवाय आजची वाणे उत्पादकापर्यंत पोचलीच नसती. पण विषाणूला याहून चांगली वाहतूक मिळणे शक्य नव्हते.

बियाण्यात विषाणू नेमका कुठे असतो, याला व्यवहारात फार महत्त्व आहे. तो मुख्यतः बीजावरणावर असतो, कधी आतल्या भ्रूणपोषापर्यंत (बीतल्या अन्नसाठ्यापर्यंत) पोचतो, पण भ्रूणात आढळत नाही. म्हणून दूषित बियाण्यातून उगवलेले प्रत्येक रोप रोगट निघत नाही. कोंब बाहेर पडताना, टरफल टाकताना किंवा रोप हाताळताना सूक्ष्म जखम होते, तिथून विषाणू आत शिरतो. वेगवेगळ्या अभ्यासांतल्या मोजणीत बियाण्यातून रोपात लागण जाण्याचे प्रमाण ०.०८ ते २.८ टक्के आले. आकडा लहान वाटतो, आणि ‘बियाण्यातून जवळजवळ पसरत नाही’ असे त्याचे भाषांतर केले जाते. हे मला सर्वांत जास्त खटकते.

हिशेब करून पाहा. हरितगृहात एका चौरस मीटरला अडीच झाडे धरली तर हेक्टरी २५,००० आणि १०० हेक्टरला २५ लाख रोपे. एखाद्या लॉटमध्ये, म्हणजे एकत्र तयार झालेल्या बियाण्याच्या खेपेत, दर १०,००० बियांत एक बी दूषित आहे असे समजा. १०० हेक्टरच्या बियाण्यात अशी २५० बीजे झाली. त्यांतून ०.०८ टक्क्याने लागण झाली तर एक रोपही पुरते निघणार नाही, २.८ टक्क्यांनी झाली तर सात निघतील. पंचवीस लाखांत सात. पुढचे काम बियाण्याचे नाहीच. ते रोपवाटिकेतला हात, कलमाचे पाते आणि बगलफुटी खुडणारी बोटे करतात.

आता तोच लॉट तपासणीला पाठवू. भाजीपाला बियाणे उद्योगाच्या प्रचलित पद्धतीत किमान ३,००० बिया घेतात. त्यांचे गट करून दळतात. विषाणूचे प्रथिन ओळखणाऱ्या एलायझा चाचणीसाठी २५० बियांचा एक गट, त्याचा आरएनए शोधणाऱ्या आरटी-पीसीआर चाचणीसाठी जास्तीत जास्त १,००० चा. तीन हजार बियांच्या नमुन्यातून दर हजारी एक दूषित बी असलेला लॉट पकडला जाण्याची शक्यता ९५ टक्के असते. चांगली आहे. पण दूषिततेचे प्रमाण दहा हजारांत एक असेल, तर हीच शक्यता २६ टक्क्यांवर येते. म्हणजे अशा चार लॉटपैकी तीन ‘विषाणू आढळला नाही’ असा शेरा घेऊन बाहेर पडतात, आणि यात प्रयोगशाळेचा काही दोष नसतो. ऑस्ट्रेलियाने आयात बियाण्यासाठी २०,००० बियांचा नमुना ठरवला. त्याने ही शक्यता सुमारे ८६ टक्के होते. पंच्याण्णव टक्के खात्री हवी तर ३०,००० बिया दळाव्या लागतील. संकरित टोमॅटोचे बी वजनावर नाही तर नगावर विकले जाते. तेव्हा लहान लॉटमधून एवढा नमुना कोणी देणार नाही, ही अडचणही खरी आहे. त्यामुळे ‘आढळला नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचा नसतो. किती बियांत आढळला नाही, हा आकडा प्रमाणपत्रावर पाहिल्याशिवाय त्या शेऱ्याला किंमत नाही.

बियाण्याची प्रक्रिया करता येते, आणि विषाणू वरच्या आवरणावर असल्यामुळे तिचा चांगला उपयोग होतो. दोन पद्धती तपासलेल्या आहेत: १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात, म्हणजे लिटरमागे १०० ग्रॅम, तीन तास भिजवणे, किंवा २ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात ३० मिनिटे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्हींनी विषाणूची लागण करण्याची क्षमता संपवली आणि उगवणीवर वाईट परिणाम झाला नाही. चुका होतात त्या अशा. बियाण्याला फळाचा गर चिकटलेला असेल तर द्रावण आवरणापर्यंत पोचत नाही, म्हणून आधी बी स्वच्छ धुतलेले हवे. द्रावण बियांच्या मानाने भरपूर हवे आणि मधूनमधून ढवळायला हवे. पिशवीत गच्च बांधलेल्या बियांच्या मध्यभागी कोरडे कप्पे राहतात. तेच द्रावण पुढच्या खेपेला वापरायचे नाही. नंतर वाहत्या पाण्यात चांगले धुऊन त्याच दिवशी सावलीत, पातळ थरात वाळवायचे. ओले बी ढिगात राहिले की उगवण जाते आणि दोष मात्र रसायनाला दिला जातो. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. दोन्ही द्रावणे हाताळताना हातमोजे आणि चष्मा आवश्यक. ज्या बियाण्यावर कंपनीने आधीच लेप चढवला आहे, ते असे भिजवू नये. ही प्रक्रिया लेपाआधी, बियाणे तयार होते तिथेच व्हायला हवी.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. प्रक्रिया केलेल्या बियाण्याची पीसीआर चाचणी अनेकदा तरीही सकारात्मक येते. पीसीआर विषाणूच्या आरएनएचा तुकडा शोधते. विषाणू लागण करू शकतो की नाही हे ती सांगत नाही. त्यासाठी बियांचा अर्क तंबाखूच्या विशिष्ट वाणांच्या पानांवर चोळून पाहतात. जिवंत विषाणू असेल तर काही दिवसांत पानावर गोल मृत ठिपके उठतात. प्रयोगशाळेच्या अहवालात ही दुसरी चाचणी केली होती का, हे विचारायला हवे. उलट बाजूनेही सावध राहिले पाहिजे: ‘ते मृत अवशेष आहेत’ हे विक्रेत्याचे म्हणणे या चाचणीशिवाय मान्य करू नये.

रोपवाटिकेत आणि हरितगृहात विषाणूची बाकीची वाट आखली जाते. टोमॅटोचे झाड जवळपास दर आठवड्याला हाताळले जाते: दोरीला गुंडाळणे, बगलफुटी काढणे, खालची पाने छाटणे, फळ तोडणे. यातल्या प्रत्येक कामात रस निघतो. हातावर आणि हातमोज्यांवर हा विषाणू किमान दोन तास लागण करण्याजोगा राहतो; काच आणि पॉलिथिनसारख्या पृष्ठभागांवर महिनोन्महिने. अल्कोहोलचे हात-निर्जंतुक यावर भरवशाचे नाही, कारण या विषाणूला अल्कोहोलने विरघळणारे मेदाचे आवरणच नसते. साबणाने चोळून हात धुण्याचा उपयोग होतो तो मुख्यतः रस आणि कण निघून जातात म्हणून. तेव्हा घाई केली तर उपयोग जातो. अवजारांसाठी घरगुती ब्लीच एक भाग व पाणी नऊ भाग, म्हणजे सुमारे ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, किंवा पोटॅशियम मोनोपरसल्फेटवर आधारित जंतुनाशकाचे २ टक्के द्रावण परिणामकारक ठरले आहे. पण ब्लीच सेंद्रिय मळात खर्च होते. हिरवट झालेल्या बादलीत दुपारपर्यंत क्लोरीन जवळपास उरलेले नसते आणि सुरी बुडवण्याचा तो नुसता विधी राहतो. द्रावण त्याच दिवशी करायचे, गढूळले की बदलायचे. प्रत्येक कामगाराकडे दोन सुऱ्या असाव्यात: एक हातात, एक द्रावणात, ओळ बदलली की अदलाबदल. नाहीतर सुरी एक सेकंद बुचकळून लगेच पुढच्या झाडाला लागते आणि द्रावणाला काम करायला वेळच मिळत नाही.

ओळींचा क्रमही ठरलेला हवा. निरोगी भागातून सुरुवात, संशयास्पद भाग शेवटी, आणि त्या भागाचे कपडे, दोरी, टोपल्या वेगळ्या. रोगट झाड उपटून वाटेतून ओढत नेऊ नये. जागेवरच पिशवीत घालून, तोंड बांधून मग बाहेर काढावे, आणि त्याच ओळीतल्या दोन्ही बाजूंच्या शेजारच्या झाडांनाही रोगट समजावे, कारण आदल्या फेरीत तोच हात त्यांना लागलेला असतो. परागीभवनासाठी ठेवलेल्या बंबलबी माश्याही विषाणू झाडाझाडांत नेतात, हे २०१९ मध्ये दाखवले गेले; म्हणून एका हरितगृहातली पेटी दुसऱ्यात हलवू नये. भाडेतत्त्वावर फिरणाऱ्या फळांच्या क्रेट हा तर उघडा दरवाजा आहे. कामगारांनी डब्यात बाहेरचे टोमॅटो आणू नयेत, हा नियम ऐकायला विचित्र वाटतो, पण बाजारातल्या फळातला विषाणू लागण करण्याइतका जिवंत असतो.

हंगाम संपल्यावर स्वच्छतेत आधी धुणे आणि मग निर्जंतुकीकरण हा क्रम उलटला की सगळे पाण्यात जाते. वाळलेली पाने, दोऱ्यांचे तुकडे, ठिबकच्या नळ्यांवरचा थर, जमिनीवर पडलेली फळे हे सगळे काढून, डिटर्जंटने धुऊन, मगच रसायन. आणि हरितगृहाभोवती कामोणी आणि चंदनबटव्याच्या जातीची तणे ठेवायची नाहीत, कारण त्यांच्यातही विषाणू राहू शकतो. मातीत पिकवणाऱ्यांना मुळांच्या अवशेषांतून लागण होण्याचा धोका राहतोच. तिथे पुढच्या हंगामात टोमॅटो आणि ढोबळी मिरची टाळावी.

काही जण विचारतात, पर्णगुच्छ विषाणूवर जे उपाय चालले ते इथे का चालत नाहीत? टोमॅटोचा पिवळा पर्णगुच्छ विषाणूही मध्यपूर्वेतूनच जगभर गेला, पण तो पांढरी माशी पसरवते. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये १९९० च्या दशकात तीन महिने पांढऱ्या माशीची यजमान पिके न लावण्याचा नियम केला आणि साथ आटोक्यात आली, कारण जिवंत झाडाबाहेर त्या विषाणूला आसरा नव्हता. रुगोज विषाणूला तीन महिने रिकामे हरितगृह काहीच करत नाही. तो खांबावर बसून वाट पाहतो.

शेतावर निदानासाठी मिळणाऱ्या पट्टी-चाचण्यांबद्दल एक उपयुक्त गोष्ट सांगायची आहे. अनेक पट्ट्या रुगोज, तंबाखू मोझॅक आणि टोमॅटो मोझॅक यांत फरक करत नाहीत; त्यांची आवरण-प्रथिने इतकी सारखी आहेत. मग पट्टी निरुपयोगी का? नाही. आधी वाणात टीएम-२² आहे का ते पाकिटावर पाहा. असेल, तर जुने दोन्ही विषाणू त्यात सहसा वाढत नाहीत, आणि अशा झाडावर पट्टी सकारात्मक आली म्हणजे रुगोजचा संशय बळावतो. वाणात जनुक नसेल, तर पट्टीवरून काहीच ठरत नाही. दोन्ही वेळी खात्री आरटी-पीसीआरनेच. नमुना शेंड्याकडच्या कोवळ्या पानांचा आणि फळाच्या निदलांचा घ्यावा. प्रत्येक झाडामागे हातमोजे बदलावेत, नाहीतर नमुना घेणाराच विषाणू पसरवतो.

आता बाजारात रुगोजला प्रतिकारक म्हणवणारी वाणे आली आहेत. मध्यम प्रतिकार आणि उच्च प्रतिकार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि जाहिरातीत ते पुसले जाते. मध्यम प्रतिकाराच्या झाडात विषाणू वाढतो, फक्त लक्षणे कमी दिसतात. एकट्या उत्पादकाला हे परवडते. त्याच्या शेजाऱ्याला नाही, कारण निरोगी दिसणारे ते झाड विषाणूचा साठा बनते. विषाणूचा पाठलागही थांबलेला नाही. सोलॅनम हॅब्रोकायटिस या रानटी जातीत मिळालेला प्रतिकार वहन-प्रथिनातल्या ८२ व्या जागी एकच अमिनो आम्ल बदललेल्या प्रकाराने मोडला, हे प्रयोगात नोंदले गेले आहे, आणि ३३ अंश सेल्सिअसला तो प्रतिकार तसाही ढिला पडला. वेगळा मार्ग जपानमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवला: विषाणूला वाढायला टोमॅटोची स्वतःची जी चार जुळी जनुके लागतात, ती निकामी केली. पहारेकरी चुकवणे विषाणूला जमते. हवी असलेली वस्तूच घरात नसेल तर त्याचे काम फार अवघड होते. मला या दिशेकडून अधिक आशा वाटते, पण अशी वाणे सर्वत्र लागवडीला येईपर्यंत हात आणि सुरी यांच्याकडेच पाहावे लागेल.

नियमांविषयी थोडक्यात. युरोपीय संघाने १ नोव्हेंबर २०१९ पासून आणीबाणीचे उपाय लागू केले: बियाणे आणि रोपांची सक्तीची तपासणी, सापडेल तिथे निर्मूलन. १ जानेवारी २०२५ पासून त्याला संसर्गरोधाच्या (क्वारंटाइनच्या) यादीतून काढून नियंत्रित पण संसर्गरोधाबाहेरच्या रोगांत टाकले. याचा अर्थ ‘धोका संपला’ असा काही ठिकाणी लावला गेला. तो चुकीचा आहे. फळांच्या हरितगृहातून विषाणू हुसकणे शक्य राहिले नाही, एवढाच त्याचा अर्थ. बियाणे आणि लागवडीची रोपे विषाणूमुक्त असण्याची अट कायम आहे.

माणसाला हा विषाणू बाधत नाही. मिरचीवरचा त्याचा एक नातलग, पेपर माइल्ड मॉटल विषाणू, खाण्यातून माणसाच्या विष्ठेत इतका नेमाने उतरतो की सांडपाण्याच्या प्रदूषणाची खूण म्हणून तो वापरला जातो. डाग पडलेले टोमॅटो खाण्यास सुरक्षित आहेत, हे प्रत्येक बातमीत स्पष्ट छापायला हवे. ते न छापल्यामुळे मागणी पडते आणि आधीच नुकसानीत असलेल्याला दुसरा फटका बसतो.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. या विषयावर पुढची बातमी करताना बियाणे पुरवणाऱ्याला आणि तपासणाऱ्या संस्थेला हे प्रश्न विचारून उत्तरे आकड्यांसह छापावीत: लॉटचा क्रमांक काय, किती बिया तपासल्या, एका गटात किती होत्या, चाचणी कोणती, बियाण्यावर प्रक्रिया झाली होती का, आणि झाली असल्यास नंतर तंबाखूच्या पानावरची चाचणी केली का. उत्पादकांनाही सांगावे की प्रत्येक लॉटचे रिकामे पाकीट आणि थोडे बी हंगाम संपेपर्यंत कोरड्या जागी जपून ठेवावे. रोग दिसल्यावर तो बियाण्यातून आला की शेजारच्या हातातून, हे ठरवायला नंतर दुसरा कोणताही पुरावा हाती नसतो.

आपला विश्वासू,
वनस्पती-विषाणूंचा एक अभ्यासक